एल्बोच्याच जॉइंटचा रूट पुन्हा पुन्हा फेल होतोय? तोंड आतून मोजलंत का?

वेल्डच्या रेडिओग्राफीचा (एक्स-रेसारख्या फिल्मचा) रिपोर्ट येतो आणि शॉपमध्ये तोच जुना वाद सुरू होतो. वेल्डर एकच, मशीन एकच, फिलरही एकाच डब्यातला. पाइपला पाइप जोडलेले जॉइंट पास, आणि एल्बोचे (वळणाच्या फिटिंगचे), टीचे (फांदीच्या फिटिंगचे) मात्र आलटून पालटून रिजेक्ट. शेराही ठरलेला: रूटला (वेल्डच्या सगळ्यात आतल्या थराला) पेनिट्रेशन नाही, म्हणजे कडा आतपर्यंत वितळलेल्या नाहीत, किंवा आत मिसमॅच, म्हणजे दोन्ही कडा एका पातळीत नाहीत. मग वेल्डरला बोलावून झापायचं, दोन दिवस त्याला सपोर्टच्या कामावर टाकायचं, दुसरा वेल्डर उभा करायचा. आठवड्याभरात त्याचेही एल्बोचेच जॉइंट परत येतात.

मीही सुरुवातीची काही वर्षं वेल्डरलाच धरत आलो. एका स्पूलवर (शॉपमध्ये जोडलेल्या पाइप-फिटिंगच्या तुकड्यावर) असाच वाद चालू असताना जुन्या फिटरने मला बाजूला नेलं. ८ इंची लाइन होती, एल्बो नुसता टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून उभा होता. म्हणाला, "साहेब, आधी वरून हात फिरवा." फिरवला. वरच्या बाजूला सरळ पट्टी ठेवली असती तर उजेडही दिसला नसता. "आता तिकडून, एल्बोच्या मोकळ्या तोंडातून हात घाला आणि आतून फिरवा." ८ इंचीत कोपरापर्यंत हात सहज जातो. वरच्या बाजूला हलकी धार लागली, बाजूंना जवळपास काही नाही, आणि खाली तळाला बोटाचं नख चक्क अडकलं. पायरी होती. "इथे आर्गनवाला वेल्डर काय करणार?" असं म्हणून तो चहाला गेला.

त्यानंतर मी रिजेक्ट झालेल्या जॉइंटची वही ठेवायला लागलो. वेल्डरचं नाव त्यात शेवटच्या रकान्यात. आधी जॉइंटचा प्रकार (पाइप-पाइप, पाइप-एल्बो, पाइप-टी, पाइप-फ्लॅंज) आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोषाची जागा. तुमच्याकडेही हा त्रास वारंवार होत असेल तर पहिलं काम हेच करा, कारण वेल्डरचा दोष असेल तर तो सगळ्या प्रकारच्या जॉइंटमध्ये थोडाथोडा विखुरलेला दिसतो. एकाच प्रकारच्या जॉइंटला, एकाच बाजूला दोष येत असेल तर तो हाताचा नसतो. तो फिटअपमधून (वेल्डच्या आधीच्या जुळवणीतून), किंवा त्याच्याही आधी स्टोअरमधून आलेला असतो.

फिल्मवर काय दिसतं

रिपोर्टमधला शेरा वाचून थांबू नका, फिल्म स्वतः व्ह्यूअरवर लावून बघा. साधं अपुरं पेनिट्रेशन असेल तर काळी सरळ रेघ वेल्डच्या बरोबर मधोमध दिसते आणि रेघेच्या दोन्ही अंगांना छटा सारखीच असते. याचा अर्थ दोन तोंडांमधला गॅप कमी पडला, रूट फेस (तोंडाच्या उताराखालची सपाट कड) जाड राहिला किंवा करंट कमी होता. हाय-लोमुळे, म्हणजे आतल्या पायरीमुळे, आलेला दोष वेगळा दिसतो. वेल्डच्या एका बाजूची छटा फिकी, दुसऱ्या बाजूची गडद, आणि हा बदल एकदम झालेला असतो, जणू पट्टी ठेवून रंगवलंय. काळी रेघ असलीच तर ती मध्यावर नसते, रूटच्या एका कडेला चिकटलेली असते. फिकी बाजू जाड धातूची, म्हणजे बहुतेक वेळा फिटिंगची. रेघही त्याच बाजूच्या कडेला सापडली की शंका ठेवायचं कारण उरत नाही: फिटिंगची आतली कड आत डोकावत होती आणि आर्क तिथवर पोचलाच नाही.

दोन्ही प्रकारांना रिपोर्टमध्ये बऱ्याचदा एकच शेरा मिळतो, आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. पहिल्यावर उपाय वेल्डरकडे आहे, दुसऱ्यावर नाही.

वेल्डरवर बोट जाण्याचं आणखी एक कारण आहे. प्रोसेस पाइपिंगच्या बी ३१.३ कोडप्रमाणे साध्या सर्व्हिसला ५ टक्के रँडम रेडिओग्राफी असते. एक जॉइंट फेल झाला की त्याच वेल्डरचे त्याच प्रकारचे आणखी दोन काढायचे, त्यातला एखादा गेला की त्याच्यासाठी पुन्हा दोन. हिशेबच वेल्डरच्या नावाने चालतो, त्यामुळे बोलणंही त्याच्याच नावाने सुरू होतं. फिटअप कोणी केला, एल्बो कुठल्या हीटचा (धातूच्या कुठल्या बॅचचा) होता, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही.

दोन्ही माल पास, तरी जॉइंट नापास

इथे आकडे मांडूनच बघायला हवं, कारण "माल तर टॉलरन्समध्ये आहे" हे वाक्य तुम्हाला पदोपदी ऐकायला मिळेल. आणि ते खरंही असतं.

८ इंची शेड्यूल ४० घ्या (शेड्यूल म्हणजे जाडीचा ठरलेला वर्ग). बाहेरचा व्यास २१९.१ मिलिमीटर, जाडी ८.१८, म्हणजे आतला व्यास साधारण २०२.७. ए १०६ प्रमाणाच्या पाइपला या साइझमध्ये बाहेरून अधिक १.६, उणे ०.८ इतकी सूट, आणि जाडी साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणजे ७.१६ पर्यंत. फिटिंगचं प्रमाण बी १६.९. त्यात याच साइझच्या तोंडाला बाहेरून अधिक २.४, उणे १.६ आणि आतून अधिक-उणे १.६ अशी सूट आहे. जाडी इथेही साडेबारा टक्क्यांपेक्षा कमी होता कामा नये.

आता समजा पाइप आला २१९.६ व्यासाचा आणि ७.४ जाडीचा. आतला व्यास २०४.८. एल्बोचं तोंड बाहेरून सरासरी तेवढंच, २१९.६, पण जाडी ९.१, म्हणजे आतून २०१.४. दोघेही टॉलरन्समध्ये, दोघांचीही एमटीसी (कारखान्याचं तपासणी सर्टिफिकेट) स्वच्छ. बाहेरून केसभरही फरक न ठेवता जुळवले तरी आत सगळीकडून १.७ मिलिमीटरची पायरी. डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी प्रक्रियेत) आतल्या मिसमॅचची मर्यादा १.५ लिहिली असेल (बी ३१.३ हा आकडा डब्ल्यूपीएसवर आणि डिझाइनवर सोडतं) तर टॉर्च पेटायच्या आधीच जॉइंट हरलेला असतो.

यात एल्बोचं तोंड किंचित वरखाली दबलेलं असेल तर? बी १६.९ च्या हिशेबाने गोलाईतली सूट म्हणजे बाहेरच्या अधिक-उणे टॉलरन्सची बेरीज, इथे ४ मिलिमीटर. आपण फक्त २ धरू. म्हणजे १२ ते ६ या अक्षावर एल्बो बाहेरून २१८.६, आतून २००.४. ३ ते ९ वर बाहेरून २२०.६, आतून २०२.४. फिटर काय करतो? वरून सरळ पट्टी ठेवतो, १२ वाजता बाहेरून चपखल बसवतो आणि पहिला टॅक तिथेच मारतो. मग वर आतली पायरी १.७, बाजूंना १.२, आणि तळाला उरलेलं सगळं: २.७. बाहेरून तळाला पाइप फक्त १ मिलिमीटर पुढे दिसतो, तो कॅपिंगमध्ये (वेल्डच्या सगळ्यात वरच्या थरात) जिरून जातो. मला नख अडकलेली जागा हीच.

२.७ ची पायरी म्हणजे नेमकं काय, ते रूट फेसच्या मापात बघा. बी १६.२५ प्रमाणाच्या साध्या बेव्हलला (तोंडाच्या तिरक्या कापाला) ३७.५ अंशांचा उतार आणि १.६ चा रूट फेस असतो. पायरी १.६ च्या पुढे गेली की पाइपचा रूट फेस आणि एल्बोचा रूट फेस समोरासमोर येतच नाहीत, एक संपतो तिथून पुढे दुसरा सुरू होतो. वेल्डरला समोर दिसते पाइपची कड. तो ती वितळवतो, पाघळ एल्बोच्या बेव्हलवर टेकवतो, आणि एल्बोची खरी कड त्याच्याही खाली कोरडीच राहते. उगाच करंट वाढवला तर पाइपची बाजू खाली गळते, एल्बोची तरीही सुटत नाही. म्हणून तर चांगल्या वेल्डरच्या हातूनही एकाच जॉइंटमध्ये एकीकडे बर्न-थ्रू (धातू आरपार वितळून गळणं) आणि दुसरीकडे अपुरं पेनिट्रेशन असे दोन्ही दोष निघतात. अपुऱ्या पेनिट्रेशनला बी ३१.३ साध्या सर्व्हिसमध्ये खोली १ मिलिमीटर आणि दर १५० मिलिमीटर वेल्डमध्ये मिळून ३८ मिलिमीटर लांबी इतकंच सोडतं. तळाची अशी पायरी तेवढ्यात बसत नाही.

फिटिंगचं तोंड असं का येतं

कारखान्याला दोष देऊन काही हाती लागत नाही, ती वस्तू बनतेच अशी. एल्बो बहुधा कमी व्यासाच्या पाइपच्या तुकड्यापासून होतो. तापवलेला तुकडा शिंगासारख्या वाकड्या मॅन्ड्रेलवरून ढकलतात, पुढे सरकताना तो फुगतोही आणि वळतोही. मग साच्यात दाबून गोलाई आणतात आणि शेवटी तोंडं कापून बेव्हल मारतात. कुठेही जाडी ८७.५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये म्हणून माल सुरुवातीलाच जरा जाड घेतला जातो. टीचं तर विचारूच नका. तुकड्यात द्रव भरून दोन्ही टोकांनी दाबायचं आणि मधून फांदी फुगवून काढायची. त्या फांदीला पुरेल इतका धातू हवा, म्हणून टीचं अंग शेड्यूलपेक्षा चांगलंच जाड असतं. तोंडाला आतून मशिनिंग करून ते मापात आणतात, किंवा आणायला हवं.

पाइप उलट बाजूचा. सूट साडेबारा टक्के खालच्या अंगाची आहे, त्यामुळे तो नाममात्र जाडीपेक्षा पातळच सापडायची शक्यता जास्त. जाड फिटिंग आणि पातळ पाइप ही जोडी म्हणूनच पुन्हा पुन्हा भेटते.

मोजायचं कसं, आणि कशाने मोजू नये

पाय टेपने मोजून "व्यास बरोबर आहे" म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. पाय टेप परीघ मोजते आणि सरासरी व्यास देते. तोंड अंड्यासारखं असलं तरी ती तोच आकडा दाखवेल. शिवाय आपला प्रश्न आतला आहे, बाहेरचा नाही.

बेव्हलच्या टोकावर व्हर्नियर लावून जाडी मोजणं ही दुसरी चूक. जबडा उतारावर बसतो आणि आकडा कमी येतो. जाडी यूटी (अल्ट्रासॉनिक) गेजने घ्या, बेव्हलच्या मागे २५ मिलिमीटरवर, निदान चार ठिकाणी. आतला व्यास चार अक्षांवर: १२-६, ३-९ आणि मधले दोन तिरके. इनसाइड कॅलिपर किंवा व्हर्नियरचे आतले जबडे चालतात, फक्त जबडा तिरका लागू देऊ नका. मापाच्या जागी हलवत राहून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा.

आणि ते आकडे वहीत नको, तोंडाजवळच पेंट मार्करने लिहा. ज्या अक्षावर व्यास सगळ्यात मोठा तिथे एक आडवी रेघ. फिटर जॉब उचलतो तेव्हा वही त्याच्याजवळ नसते, मार्करची रेघ असते. पाइपच्या टोकांनाही हेच. एका एल्बोच्या दोन तोंडांना मिळून दहा मिनिटं जातात. एका रिपेअरला किती जातात ते तुम्हीच मोजा. सगळा लॉट मोजणं शक्य नसेल तर प्रत्येक हीट नंबरमधले दोन-तीन मोजा. एका हीटचे एल्बो बहुतेक सारख्याच स्वभावाचे निघतात, पण याला अपवाद पाहिलेत.

फिटअप बाहेरून नाही, आतून

एल्बोची दिशा ड्रॉइंगने ठरवलेली असते, तो फिरवता येत नाही. पाइप मात्र फिरवता येतो. सीमलेस असेल तर बिनदिक्कत फिरवा, जोपर्यंत एल्बोचा मोठा अक्ष पाइपच्या मोठ्या अक्षावर येत नाही. वेल्डेड पाइप असेल तर फिरवताना लांब शिवण कुठे जाते ते बघा, फिटिंगलाही शिवण असेल तर दोन्ही एका ओळीत येऊ देऊ नका. नुसत्या फिरवण्याने बरेच जॉइंट मर्यादेत येतात. इतकी साधी गोष्ट, पण पाइपच्या तोंडावर आकडे लिहिलेले नसतील तर फिटर फिरवणार कशाच्या आधारावर?

उरलेली पायरी एका जागी साठू द्यायची नाही. वरून चपखल आणि खाली सगळा फरक, हे टाळायला पट्टी बाजूला ठेवून हाय-लो गेज हातात घ्या. गेजचे दोन पाय रूट गॅपमधून आत घालायचे, फिरवून एक पाय पाइपच्या आतल्या भिंतीला आणि दुसरा एल्बोच्या भिंतीला टेकवायचा, स्क्रू आवळून बाहेर काढून वाचायचं. टॅकच्या आधी चार ठिकाणी, मोठ्या साइझला आठ ठिकाणी. वरच्या उदाहरणातला एल्बो अर्धा मिलिमीटर खाली घेतला असता तर वर-खाली प्रत्येकी २.२ झाली असती, तळाला २.७ नाही. मर्यादेत तरीही नाही, पण आता कुठे आणि किती घासायचं ते तरी नीट कळतं.

पहिला टॅक १२ वाजता, दुसरा लगेच ६ वाजता, मग ३ आणि ९. एका बाजूला दोन टॅक आधी मारले की दुसरी बाजू उघडते किंवा आवळते, मग ती ओढून आणावी लागते. ओढण्यासाठी डॉग (आकडे) आणि वेज (पाचरी) वापरायचे तर क्लॅम्पवाले बघा. पाइपला तुकडे वेल्ड करून ओढणार असाल तर ते त्याच ग्रेडचे घ्या, काढताना हातोड्याने तोडू नका, ग्राइंड करा आणि जागा एमटी (चुंबकीय कणांची चाचणी) किंवा पीटीने (रंगद्रवाची चाचणी) तपासून घ्या.

एक सवय मात्र कडकपणे मोडा: तोंड गॅसने लाल करून घण मारायची. ए २३४ डब्ल्यूपीबी, म्हणजे फिटिंगचं कार्बन स्टील, लोखंडच आहे, वाकतं, हे खरं. पण किती तापलं, किती वेळ, कसं थंड झालं याचा कुठेच पत्ता नसतो आणि फिटिंगच्या हीट ट्रीटमेंटचं सर्टिफिकेट त्या क्षणी कागद उरतं. थोडी अंडाकृती रिंग क्लॅम्पने किंवा आतून जॅक लावून थंडच सरळ होते. गरम करायचीच वेळ आली तर प्रक्रिया लिहून इंजिनिअरची सही घ्या.

आतून घासायचं ते नेमकं किती

गेजने मर्यादेपेक्षा जास्त दाखवलं तर जाड बाजू आतून उतरवणं हाच मार्ग. पातळ पाइप आतून फुगवायचा विचारही नको. साइझ मोठी असेल आणि बेव्हलिंग मशिनला काउंटरबोअरचं (आतून कातायचं) टूल असेल तर उत्तम, नाहीतर डाय ग्राइंडर आणि कार्बाइड बर.

उतार ३० अंशांपेक्षा तीव्र नको. मी चारास एक धरतो: १.७ ची पायरी उतरवायला आत ७ मिलिमीटर, २.२ ला ९ मिलिमीटर. उतार संपतो तिथे खाच राहता कामा नये, बोट फिरवलं तर कळू नये असा गोल मिटवायचा. किती घासता येईल हे ठरतं उरलेल्या जाडीवरून. आपल्या एल्बोची जाडी ९.१ होती, १.७ काढले तर ७.४ उरते, ७.१६ च्या वर. चाललं. पण डिझाइनची किमान जाडी यापेक्षा जास्त असेल तर तीच धरायची, म्हणून घासण्याआधी एकदा लाइनची गणना बघून घ्या आणि घासल्यावर पुन्हा यूटी.

इथे नवशिके हमखास फसतात. आतून घासलं की रूट फेसही खाल्ला जातो आणि तोंडाला चाकूसारखी धार येते. ती तशीच ठेवून टिग (आर्गन वेल्डिंग) मारलात तर मिसमॅच गेला आणि बर्न-थ्रू आला. आतून घासून झाल्यावर समोरून फाइलने पुन्हा दीड मिलिमीटरचा रूट फेस काढा आणि मगच गॅपची वायर लावा.

ज्यांच्याकडे आरटीऐवजी (रेडिओग्राफीऐवजी) यूटी होते त्यांच्यासाठी: हा आतला उतार स्क्रीनवर दोषासारखा सिग्नल देऊ शकतो. कुठल्या जॉइंटला किती लांब उतार दिलाय ते यूटीवाल्याला आधी सांगा, नाहीतर चांगला जॉइंट कापला जाईल.

स्टोअरमधली गफलत

वरचं सगळं करूनही एखाद्या लॉटमध्ये प्रत्येक जॉइंटला सगळीकडून एकसारखी पायरी येत असेल तर मापं घेत बसू नका, मालावरचा शिक्का वाचा. शेड्यूल ४० आणि एसटीडी (स्टँडर्ड जाडी) एकच, असं आपण सगळे बोलतो. १० इंचापर्यंत ते बरोबर आहे. १२ इंचीत एसटीडी म्हणजे ९.५३ आणि शेड्यूल ४० म्हणजे १०.३१, म्हणजे गोल फिरून पाऊण मिलिमीटरची पायरी, टॉलरन्सचा खेळ सुरू व्हायच्या आधीच. शेड्यूल ८० आणि एक्सएसची (एक्स्ट्रा स्ट्राँग जाडीची) जोडी तर ८ इंचापर्यंतच टिकते. १० इंचीत एक्सएस १२.७०, शेड्यूल ८० मात्र १५.०९, म्हणजे २.३९ ची पायरी. रॅकवर दोन्ही "८०" म्हणून एकत्र ठेवलेले असतात, कारण छोट्या साइझमध्ये ते चालून गेलेलं असतं.

यावर मी एवढंच करतो: खरेदीच्या मागणीत शेड्यूलच्या शेजारी जाडी मिलिमीटरमध्ये लिहितो, आणि पाइप आणि फिटिंग एकाच आकड्याने मागवतो.

कापलेला एल्बो

९० च्या एल्बोतून ६० किंवा ३५ अंशांचा तुकडा काढून लावणं, हे साइटवर रोज चालतं. कारखान्याने गोलाईत आणलेलं आणि मशिनने बेव्हल मारलेलं फक्त मूळ तोंड असतं. तुम्ही मधून कापलेलं तोंड वळणाच्या पोटातलं, त्याची गोलाई कोणी कधी बघितलेली नसते, आणि आतल्या वळणाची जाडी बाहेरच्या वळणापेक्षा वेगळी निघू शकते. वर हाताने गॅस कटिंग, हाताने बेव्हल. अशा तोंडाला टॉलरन्सच्या मर्यादेची खात्री कोणीच दिलेली नाही. माझ्या वहीत सगळ्यात जास्त काळं याच जॉइंटवर आहे.

माझा नियम: कापलेलं तोंड आणि मूळ तोंड यांत निवड असेल तर अवघड जागेच्या वेल्डला, म्हणजे जिथे वेल्डरला आडवं पडून आरशात बघत मारावं लागतं, तिथे मूळ तोंड द्या आणि कापलेलं शॉपमध्ये फिरवून मारता येईल अशा जॉइंटला. आठही जागी हाय-लो घ्या. विचित्र कोन बरेच असतील तर कारखान्याकडूनच त्या कोनाचे मागवलेले परवडतात.

मिसमॅच नाही, तरी फेल

फिल्मवर रेघ मधोमध असेल आणि छटा दोन्हीकडे सारखी असेल तर गुण्या काढा. एल्बोचं तोंड कोनात नसण्याचीही सूट बी १६.९ देतं, ८ इंचीला तोंडाच्या पातळीत २ मिलिमीटर. फिटर माप जमवायला पाइप ओढतो आणि गॅप एका बाजूला ४ तर समोर २ होतो. आवळलेल्या बाजूला रूट सुटतो. तिथे तोंड घासून गुण्यात आणा, पाइप ओढू नका.

फिल्मवर गोल काळे ठिपके असतील तर फिटिंगवरचं काळं वॉर्निश निघालेलं नाही. बाहेरून सगळे घासतात, आतून कोणी घासत नाही. आत-बाहेर २५ मिलिमीटर चकाकी येईपर्यंत घासा. आणि आर्क एका बाजूलाच पळत असेल, वेल्डर वैतागून करंट बदलत असेल, तर तोंडाला साधी टाचणी लावून बघा. चिकटली तर माल चुंबकावला आहे. मॅग्नेटने उचललेल्या किंवा एमटी झालेल्या मालात हे होतं. वेल्डिंग केबलचे काही वेढे पाइपभोवती मारले, दिशा उलटसुलट करून पाहिली, की बहुतेक वेळा भागतं.

फिल्म आधीच रिजेक्ट झाली असेल तर

मग दोन प्रश्न. दोष फक्त अपुरं पेनिट्रेशन आहे की पायरीच मर्यादेबाहेर आहे? पायरी मर्यादेत असेल तर बाहेरून रेघेच्या जागेवर रूटपर्यंत खोदा. खोदताना मध्यावर नको, फिल्मवर रेघ ज्या कडेला आहे त्या कडेकडे झुकून, आणि दोन्ही टोकांना दोष संपल्यावर आणखी थोडं पुढे. सरळ मधोमध खोदून भरलेल्या रिपेअरची दुसरी फिल्म तीच रेघ दाखवते, हे मी करून बसलोय.

पायरीच बाहेर असेल तर रिपेअरने ती जात नाही, जॉइंट कापावा लागतो. कापताना वेल्ड आणि शेजारचा तापलेला भाग दोन्ही काढायचे, म्हणजे एल्बोच्या बाजूचे चार-पाच मिलिमीटर जातात. लाँग रेडियस एल्बोला सरळ शेपटी नसते, ते थेट वळणातूनच जातात. ८ इंचीचं मध्य ते तोंड माप ३०५ असतं, ते ३०० वर येतं आणि तोंड पुन्हा कापलेल्या एल्बोसारखं होतं. आठ ठिकाणी मोजणं, आतून घासणं, रूट फेस काढणं हे सगळं पुन्हा. पाइपच्या बाजूलाही तितकंच जातं. म्हणून बदली पाइपचा तुकडा ड्रॉइंगच्या मापाने कापू नका. कापलेल्या जॉइंटच्या दोन्ही बाजू घासून, बेव्हल मारून झाल्यावर प्रत्यक्ष अंतर घ्या, त्यातून दोन गॅप वजा करा आणि मगच कटर लावा.